अमूर्त चित्रं आणि आपलं बडोदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारात मी मोठ्या माणसांना चित्रकला शिकवते. शिकायला येणारे, त्यांना घ्यायला येणारे आणि जिना चढून नुसतेच डोकावणारे शेजारी आलटून पालटून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न ज्या भाषेत आले त्याच भाषेत ठेवले आहेत, तिरकस होते ते तिरकसच.

हे चित्र नक्की कशाचं आहे?

कशाचंच नाही. खरं तर ज्या गावाने फैयाज खाँसाहेबांना दरबारगायक म्हणून मिरवलं, त्या गावात हा प्रश्न पडायला नको. खाँसाहेबांचा नोमतोमचा आलाप प्रसिद्ध होता. त्यात ना कृष्ण, ना राधा, ना सावन. नुसती 'री, द, नोम, तोम' अशी अक्षरं. तरी कुणी मध्येच उठून 'हे कशाबद्दल चाललंय' असं विचारलं नसेल. सूर कुठे टेकतो, किती वेळ टिकतो, पुढच्या सुराकडे कसा जातो, हे ऐकायचं आणि मान डोलवायची.

चित्रापुढे उभं राहून तसंच करा. रंग पातळ आहे की दाट? रेघ एका दमात ओढलीय की थांबत थांबत? कुठे पुसलंय, कुठे खरवडलंय, कुठे कागद कोरा सोडलाय? वर्गात मी एकच सांगते: 'हे काय आहे' नंतर, आधी 'हे कसं केलंय' ते शोधा. शोधता शोधता बहुतेकांचा पहिला प्रश्न आपोआप गळून पडतो. नाही गळला तर दोष तुमचाच असेल असं नाही, चित्रातही दम नसेल. सगळी अमूर्त चित्रं चांगली असतात असं थोडंच आहे? बरीचशी सोफ्याच्या रंगाला जुळवून काढलेली असतात.

हे तर माझा नातूही काढेल!

काढू द्या की, चार वर्षांच्या मुलांचा हात मोकळाच असतो. फक्त त्याला नसरीन मोहमदींचं एखादं रेखाचित्र दाखवा आणि म्हणा, बाळा, पट्टी घे, काळी शाई घे, आणि एकमेकींना न चिकटणाऱ्या समांतर रेघा ओढ. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेहून किंचित फिकी हवी आणि दोन रेघांमधलं अंतर हळूहळू कमी होत गेलं पाहिजे. डाग पडला तर कागद फुकट. नातू सोडा, आजोबांनीही करून बघावं.

पण या नसरीन मोहमदी कोण? आमच्या गावातल्या म्हणता, आम्ही नावही ऐकलं नाही.

हेच तर दुखणं आहे. जन्म १९३७, कराची. वाढल्या मुंबईत, १९५४ ते १९५७ लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकल्या, नंतर काही काळ पॅरिसला. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची चित्रकार वासुदेव गायतोंड्यांशी ओळख झाली आणि तिचा परिणाम टिकला. १९७२ पासून त्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स शाखेत शिकवत होत्या आणि १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आधुनिक कलेसाठी 'मेट ब्रॉयर' ही शाखा उघडली. उद्घाटनाच्या दोन प्रदर्शनांपैकी एक नसरीन यांचं होतं.

त्यांचं सामान बघाल तर एखाद्या ड्राफ्ट्समनचं वाटेल: उतरतं ड्रॉइंग टेबल, पट्ट्या, गुण्ये, शाईची बारीक टोकाची पेनं, पेन्सिली. रंग जवळजवळ नाहीतच. सत्तरच्या दशकात आडव्याउभ्या रेघांच्या जाळ्या आहेत. पुढे जाळी मोडते आणि तिरक्या रेघा कोऱ्या कागदावर कोनात तरंगायला लागतात. चित्राला नाव नाही, बहुतेक चित्रांवर तारीखही नाही.

त्या फोटोही काढत. वाळवंट, समुद्राकाठची वाळू, फत्तेपूर सिक्रीच्या फरशा, मागावरचा ताणलेला धागा. हे फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. आज ते रेखाचित्रांशेजारी ठेवले की कळतं, ही बाई हवेतून रेघा काढत नव्हती. फरशीची सांध आणि मागावरचा ताणा बघून बघून त्यातला दगड आणि सूत गळून पडलं, रेघ तेवढी उरली.

शेवटच्या काळात मज्जासंस्थेच्या आजाराने शरीरावरचा ताबा सुटत गेला. त्या काळातल्या रेघाही थरथरलेल्या नाहीत. मला स्वतःला विचाराल तर या देशात कागदावर यापेक्षा कठोर काम कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही.

बडोद्याचा आणि अमूर्त चित्रांचा संबंध काय? आपल्याकडे तर रविवर्मा.

रविवर्म्यांची चित्रं लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत आणि ती आपली आहेतच. पण गोष्ट तिथे संपत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं ते तांत्रिक आणि हस्तकौशल्याच्या शिक्षणासाठी. रंगाई, सुतारकाम, छपाई असले विषय. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. हातातल्या सामानाकडे गंभीरपणे बघायची सवय या गावाला तेव्हापासून आहे, असं मला वाटतं.

मग १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्स सुरू झालं. शिकवायला मार्कंड भट्ट, शंखो चौधुरी, पाठोपाठ के. जी. सुब्रमण्यन. चित्रकला शिकवायला आले नारायण श्रीधर बेंद्रे, आपले इंदूरचे, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले. १९६६ पर्यंत ते इथे होते. स्वतः घनवादापासून (वस्तू भूमितीच्या आकारांत मोडून दाखवणारी शैली) अमूर्तापर्यंत सगळं करून बघत आणि विद्यार्थ्यांना आपली नक्कल करू देत नसत, अशी त्यांची ख्याती. काश्मीरचे गुलाम रसूल संतोष १९५४ मध्ये त्यांच्याकडे शिकायला आले आणि पुढे तंत्रमार्गातल्या आकृत्यांच्या वाटेने गेले. पहिल्या तुकड्यांतले शांती दवे मेणाच्या चित्रांकडे वळले. म्हणजे गुरू एक आणि शिष्यांच्या वाटा दहा.

आता एक गंमत. 'ग्रुप १८९०' नावाचा बारा चित्रकार-शिल्पकारांचा गट होता. त्यात जेराम पटेल, हिंमत शाह, ज्योती भट्ट, राघव कनेरिया, गुलाममोहम्मद शेख अशी बडोद्याशी बांधलेली बरीच मंडळी होती. लोकांना वाटतं हा आकडा कलाभवनाच्या सालावरून आला. तसं काही नाही. १९६२ मध्ये भावनगरला ज्या घरात हा गट जमला त्या घराचा तो नंबर. १९६३ मध्ये दिल्लीत त्यांचं एकच प्रदर्शन झालं. उद्घाटनाला पंडित नेहरू होते आणि कॅटलॉगची प्रस्तावना मेक्सिकोचे कवी ओक्तावियो पाझ यांनी लिहिली. त्यानंतर गट पांगला. याच गटात आपले अकोल्याचे अंबादास खोब्रागडेही होते. रंगाचे लांब, वळसे घेत वाहणारे पट्टे ही त्यांची खूण. पुढे ते नॉर्वेत, ऑस्लोला स्थायिक झाले. विदर्भाबाहेरच्या मराठी माणसाला त्यांचं नाव सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

जेराम पटेल लाकूड जाळायचे म्हणे. वेडेपणा नाही का हा?

जाळायचे, ब्लो-टॉर्चने. फॅब्रिकेशनच्या दुकानात पत्रा तापवायला वापरतात तीच ज्योत. जन्म १९३०, तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातलं सोजित्रा. मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकले, मग लंडनला अक्षररचना आणि जाहिरातकला. अक्षरांच्या काटेकोर शिस्तीतून आलेला माणूस साठच्या दशकात प्लायवूडवर आग चालवायला लागला, यातच त्यांचं वैशिष्ट्य आहे.

वेडेपणा म्हणण्याआधी सुताराला विचारा. प्लायवूड म्हणजे पातळ फळ्यांचे थर, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे, मध्ये सरस. ज्योत फिरवली की वरचा थर आधी काळा पडतो, मग सुटतो आणि आत आडव्या रेषांचा वेगळा पोत उघडा पडतो. जास्त वेळ धरली तर खड्डा होतो. कडेला तपकिरी, आत कोळसा, खोल गेलं की पुन्हा कच्चं पिवळं लाकूड. रंगाचा कुंचला वरून काहीतरी चढवतो. इथे ज्योत आतलं बाहेर काढत जाते, आणि गेलेला थर परत बसवता येत नाही. चूक झाली तर तीच चित्र.

त्यांच्या काळ्या शाईच्या चित्रांतही हेच दिसतं. पांढऱ्या कागदावर एक काळा, जड आकार, ना पूर्ण जनावर ना पूर्ण हत्यार. ते बघून माझ्या एका विद्यार्थिनीच्या सासूबाई 'अगं बाई' म्हणून मागे सरकल्या होत्या. मी म्हटलं, काकू, चित्र पोचलं तुमच्यापर्यंत.

हिंमत शाह त्याच सुमारास सिगारेटने कागद जाळून कोलाज करत होते. साठच्या दशकात गुजरातच्या चित्रकारांना आगीचं काय एवढं वेड होतं, यावर कुणीतरी नीट लिहायला हवं.

वासुदेव गायतोंडे रोलर वापरायचे ते का? भिंत रंगवतात तसं?

रोलर, पॅलेट नाइफ आणि वर्तमानपत्राचे फाडलेले कपटे. ओल्या रंगावर कपटा दाबायचा, उचलायचा, म्हणजे काही रंग निघून येतो आणि मागे आकार राहतो. त्यावर पातळ थर, पुन्हा दाबणं, पुन्हा उचलणं. कुंचल्याचा फटकारा दिसला की चित्रकाराचा हात दिसतो. गायतोंड्यांना तो हातच नको होता. म्हणून त्यांच्या चित्रातला प्रकाश कुठून आला ते सापडत नाही. तो वरून टाकलेला नाही, खालच्या थरातून झिरपतो.

जन्म नागपूरचा, १९२४. कुटुंब गोव्याचं, शिक्षण जेजेत, १९७२ नंतर मुक्काम दिल्ली. झेन विचार आणि रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांच्याकडे ओढा. वर्षात मोजकीच चित्रं करायचे. बाकी वेळ? विचार करत बसायचे. आपल्याकडे याला 'काही काम करत नाही' म्हणतात.

प्रेरणा म्हणजे नक्की काय? स्वप्नात दिसतं का?

प्रत्येकाचं निराळं, आणि बहुतेक वेळा अगदी साधं. चित्रकार सय्यद हैदर रझांच्या चित्रांतल्या बिंदूमागे शाळामास्तर आहेत. मध्य प्रदेशातल्या खेड्यात रझा लहान असताना त्यांचं लक्ष वर्गात लागेना. मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. पॅरिसमध्ये अर्धं आयुष्य घालवल्यावर तोच ठिपका मोठा होऊन कॅनव्हासवर आला.

प्रभाकर बरवे साठच्या दशकाच्या सुरुवातीला वाराणसीच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे विणकरांसाठीच्या केंद्रात, नोकरी करत होते. तिथली तंत्रमार्गातली चिन्हं त्यांच्या चित्रांत शिरली. पुढे पान, घड्याळ, शंख असल्या वस्तू त्यांनी कॅनव्हासच्या मोकळ्या जागेत अशा ठेवल्या की वस्तूपेक्षा दोन वस्तूंमधली जागाच बोलायला लागते. आणि रंग कसला, तर साधा एनॅमल, दारंखिडक्यांना लावतात तो. त्याचा सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग त्यांना हवा होता.

बरवे अमूर्त की नाही यावर वाद घालता येईल. मी घालणार नाही.

आजचे चित्रकार काही नवं वापरतात की तेच रंग?

एक उदाहरण देते. तान्या गोयल दिल्लीच्या, पण शिकल्या इथे फाइन आर्ट्समध्ये, नंतर अमेरिकेत येल विद्यापीठात. दिल्लीत जुनी घरं पडतात तिथला राडारोडा त्या गोळा करतात: काँक्रीट, काच, विटेचे तुकडे. ते कुटून, चाळून त्यांचे रंग बनवतात. मग कॅनव्हासवर बारीक चौकटींची जाळी आखून त्यात ते रंग भरत जातात, आणि जाळी भरता भरता मोडते. चित्रातला करडा रंग खरोखरच कुणाच्या तरी गच्चीचा असतो. अलकापुरीतले जुने बंगले पाडून टॉवर उभे राहिलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

दुसरे नटवर भावसार, गुजरातचेच, साठच्या दशकापासून न्यूयॉर्कला. ते कॅनव्हास आडवा टाकून त्यावर कोरडा रंग चाळणीने भुरभुरवतात, बाइंडरमध्ये (रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रावात) भिजवतात, पुन्हा भुरभुरवतात. असे कितीतरी थर. रांगोळीची चाळणी हातात धरलेल्या कुठल्याही बाईला हे तंत्र एका वाक्यात कळतं, समीक्षकांना त्यासाठी चार पानं लागतात.

आणि शांती दव्यांचं मेण मघाशी राहून गेलं. मधमाशीचं मेण वितळवून त्यात रंग मिसळायचा आणि गरम असतानाच लावायचा, थंड झालं की कोरायचं. 'आपल्या उन्हाळ्यात वितळणार नाही का?' असं नेहमी विचारतात. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. बडोदे कितीही तापलं तरी ४५च्या आसपास. तरीही असं चित्र बंद गाडीत ठेवून बाजारात जाऊ नका.

सुरुवात तेलरंगाने करू की ॲक्रिलिकने?

ॲक्रिलिकने. पाण्यात कालवता येतं, टर्पेंटाइनचा वास घरभर होत नाही, थर अर्ध्या तासात वाळतो, मग लगेच दुसरा. अमूर्त कामात थर चढवणं, खरवडणं, पुन्हा चढवणं सतत चालतं, त्याला हे सोयीचं. आपल्याकडची अडचण उलटी: मे महिन्यात पंख्याखाली रंग पॅलेटवरच वाळतो. ओल्या फडक्यावर बटर पेपर टाका आणि त्यावर रंग काढा, आणि पंखा बंद करा. घाम येऊ द्या.

तेलरंगाचं वाळणं वेगळ्या जातीचं. त्यातलं पाणी उडत नाही, कारण पाणी नसतंच. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. वरून कोरडं वाटायला काही दिवस, आतपर्यंत वाळायला कित्येक महिने. म्हणून नियम असा की वरचा थर खालच्यापेक्षा जास्त तेलकट हवा. उलटं केलंत तर वरचा आधी आखडतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. ॲक्रिलिकवर तेलरंग चालतो, तेलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही. हे मात्र पाठच करा.

विद्यार्थी प्रतीचे रंग घेऊ का? सरावाला जरूर घ्या. त्यात रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते, म्हणून मिसळले की मळकट होतात. सगळे महाग घेणं परवडत नसेल तर पांढरा तेवढा चांगल्या प्रतीचा घ्या, सगळ्यात जास्त तोच लागतो.

आधी माणसं-झाडं काढता यायला हवीत का?

यावर आमच्या क्षेत्रात भांडणं आहेत. माझं मत: हुबेहूब यायलाच हवं असं नाही, पण बघता यायला हवं, आणि बघायची सवय समोर वस्तू ठेवून काढण्याइतकी दुसऱ्या कशाने लागत नाही. फाइन आर्ट्सच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलामुलींना तर स्केचिंग टळत नाहीच. स्टेशनवर बसा, मांडवीच्या गर्दीत उभे राहा, आणि रोज काढा.

चित्र उलटं टांगलं तर कुणाला कळेल का?

कधीकधी तज्ज्ञांनाही कळत नाही. मागच्या बाजूला सही आणि बाण बघा.

सगळ्यांची नावं 'शीर्षकहीन' का असतात?

'सूर्यास्त' असं नाव दिलं की तुम्ही सूर्य शोधून परत जाता. ते टाळायला. काहीजण आळसानेही देत नाहीत.

कोट्यवधी रुपये कोण देतं याला? काळ्या पैशाचा खेळ ना सगळा?

२०१३ च्या डिसेंबरात क्रिस्टीज या लिलाव कंपनीने मुंबईत पहिला लिलाव केला. त्यात गायतोंड्यांचं १९७९चं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हा प्रश्न मला भाजीवालीनेही विचारला. चित्रकार वारलेला, चित्रं मोजकी, त्यातली बरीच संग्रहालयांत अडकलेली, आणि घेणारे श्रीमंत वाढलेले, भाव चढणारच. ते पैसे गायतोंड्यांना मिळाले नाहीत, ते २००१ मध्येच गेले. लिलावातली किंमत विकणाऱ्याला मिळते. किमतीवरून चित्राची प्रत ठरवू नका, चढ्या किमतीवरूनही नको आणि पडत्या किमतीवरूनही नको.

बडोद्यात तरुण चित्रकारांचं छापचित्र किंवा कागदावरचं काम एखाद्या बऱ्या मोबाइलच्या पैशात मिळतं. घ्यायचंच असेल तर ते घ्या, आणि चित्रकाराकडून सहीनिशी कागद, माध्यम, साल लिहून घ्या. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर मला विचारू नका, मी कधी या धंद्यात पडले नाही.

घरी लावलेल्या चित्राला पावसाळ्यात बुरशी येते. काय करावं?

ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, विश्वामित्री नदीच्या बाजूच्या घरांत तर मुळीच नको. लावायचंच असेल तर फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळेल. कागदावरचं काम काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवा आणि तो आम्लरहित हवा. फ्रेमवाल्याला हे स्पष्ट सांगा, नाहीतर तो नेहमीचा पुठ्ठा लावून देईल आणि काही वर्षांत कागदाच्या कडा पिवळ्या पडतील. मागे हार्डबोर्ड थेट चिकटवू देऊ नका.

बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. चित्र कोरड्या, हवेशीर जागी ठेवा, पण उन्हात नको. पूर्ण वाळल्यावर मऊ कोरड्या कुंचल्याने घराबाहेर झटका, तोंडाला रुमाल बांधून. काम मोलाचं असेल तर हात न लावता संवर्धन करणाऱ्याकडे न्या. आणि अगरबत्तीच्या वर चित्र टांगू नका, धुराची काजळी निघता निघत नाही.

बडोद्यात हे सगळं बघायला कुठे मिळेल?

फाइन आर्ट्सच्या आवारात प्रदर्शनं लागतात. वर्षअखेरीला विद्यार्थ्यांची कामं मांडतात तेव्हा जरूर जा. तिथे चित्रकार स्वतः चित्राशेजारी उभा असतो, 'हे कसं केलंस' असं विचारलं की मुलं खुलतात. ('हे काय आहे' विचारलंत तर गप्प बसतात.) कमाटीबागेतल्या संग्रहालयात जुनी युरोपीय चित्रं आहेत, त्यांच्याजवळ जाऊन फक्त एक हातभर तुकडा बघा, बाकीचं चित्र हाताने झाका. झालरीचा किंवा आभाळाचा तो तुकडा अमूर्तच दिसेल. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, ती या विषयात बसत नाहीत, पण तिथवर जाणार असाल तर बघितल्याशिवाय येऊ नका.

गायतोंडे, रझा, अंबादास बघायचे तर मुंबई किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जावं लागेल. काय लावलंय ते आधी चौकशी करून जा, सगळी चित्रं कायम भिंतीवर नसतात.

मराठीत वाचायला काही आहे का?

प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास', १९९० साली मौजेने काढलेलं. चित्रकाराने स्वतः, सोप्या मराठीत, आकार आणि अवकाश यांच्याबद्दल लिहिलंय. माझी प्रत मागू नका, दोनदा परत आलेली नाही.

वर्गात यायचं असेल तर काय आणू?

जुने कपडे, एक ॲप्रन, भिंतीचा छोटा रोलर आणि आठवडाभराची वर्तमानपत्रं. कुंचला पहिल्या दिवशी लागणार नाही.